स्टेजच्या मागचा हिशेब

ताईचा फोन आला तेव्हा मी कार्यालयातून नुकताच घरी येऊन हातपाय धूत होतो. "अरे, पोरगी नोकरीला लागली म्हणते, पण पगार नाही म्हणते. ही कसली रे नोकरी?" ताई सार्वजनिक रुग्णालयात आया आहे. २८ वर्षे तिने वॉर्ड सांभाळला. दिवसपाळी केली, रातपाळी केली, पण पगाराशिवाय एक महिना काढला नाही. तिच्या या सरळ प्रश्नाला माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या कारकून भावाजवळ चटकन उत्तर नव्हते.

भाची मास मीडियाची पदवी घेऊन एका जनसंपर्क कंपनीत 'इंटर्न' म्हणून लागली होती. इंटर्न म्हणजे शिकाऊ उमेदवार. तीन महिने काम करायचे, शेवटी एक प्रमाणपत्र मिळते, आणि काम पसंत पडले तर कदाचित नोकरी. विद्यावेतन शून्य. भाचीचे म्हणणे, या क्षेत्रात असेच असते. ताईचे म्हणणे, असेल; पण लोकलचा पास, डबा आणि मोबाईल यांचे क्षेत्र कोणते? दोघींचेही खरे होते. वास्तविक २०२४ साली राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार रुपये विद्यावेतन ठरवले होते. म्हणजे शिकणाऱ्यालाही पोट असते, हे शासनाच्या कागदावर तरी मान्य झाले आहे. पण भाचीची कंपनी कोणत्याही योजनेतली नव्हती. ओळखीतून मिळालेली जागा, आणि सोडली तर मागे वीस जण उभे.

शेवटी मी मध्यस्थी केली. तीन महिन्यांचा पास मी काढून देतो, पण एक अट. रोज रात्री वहीत लिहायचे: आज काय शिकले, आणि आज पदरचे किती गेले. जानेवारी ते मार्चची ती वही आता माझ्यासमोर आहे. तिच्या परवानगीनेच हे लिहीत आहे. कंपनीचे नाव मात्र घालू नका म्हणाली, म्हणून घालत नाही.

आपल्याकडे 'इव्हेंट' म्हटले की डोळ्यांसमोर मोठे हॉटेल, रंगीत दिवे, हातात माईक घेतलेली निवेदिका आणि कानात यंत्र घालून धावणारी मुले-मुली येतात. भाचीच्याही डोळ्यांसमोर तेच होते. पहिले बारा दिवस तिने केले काय? पत्रकारांची यादी. २१४ नावे, त्यांचे वर्तमानपत्र किंवा वाहिनी, विषय, फोन नंबर. त्यातले निम्मे पत्रकार एव्हाना दुसऱ्या ठिकाणी गेलेले. प्रत्येकाला फोन करून विचारायचे, "सर, आपण अजून तिथेच आहात का?" चौथ्या दिवसाच्या पानावर तिने लिहिले आहे, "आज ५१ फोन. ९ जण नीट बोलले. एकाने बातमी काय आहे ते विचारले, मला माहीत नव्हते."

पाचव्या दिवशी ती आपण होऊन विचारून आली, बातमी काय आहे. हे मला आवडले.

जनसंपर्क हा धंदा तसा जुना आहे. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला, तेव्हा आयव्ही ली नावाच्या माणसाने रेल्वे कंपनीच्या वतीने माहितीचे पत्रक काढून वर्तमानपत्रांना दिले. पहिली प्रेसनोट म्हणून त्याच पत्रकाचे नाव घेतात. पण भाचीला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. एडवर्ड बर्नेज नावाच्या जनसंपर्कवाल्याला एका तंबाखू कंपनीने कामावर घेतले होते. बायका रस्त्यावर सिगारेट ओढत नसत, म्हणून कंपनीचे गिऱ्हाईक अर्धेच राहिले होते. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी सिगारेटी शिलगावल्या आणि या आमच्या स्वातंत्र्याच्या मशाली आहेत असे सांगितले. फोटो आणि बातम्या देशभर गेल्या. हे सारे ठरवून केलेले होते. फोटोवाल्याचीही सोय अगोदर झाली होती. आणि पुढे चालणाऱ्या बायकांतली बर्था हंट ही कोण? बर्नेजच्या कचेरीतली सेक्रेटरी. एका कारकुनाला ही गोष्ट विसरता येणार नाही. स्वातंत्र्याच्या नावाने विकला गेला तो धूर, आणि रस्त्यावर उभी केली ती कचेरीतली नोकरदार बाई.

हे वाचून भाची म्हणाली, "मामा, म्हणजे इथे बातमी आधी टाईप होते आणि कार्यक्रम नंतर होतो." तीन आठवड्यांत पोरीने धंद्याची नाडी ओळखली होती. पुढे तिने ते प्रत्यक्षच पाहिले. पत्रकार परिषदेच्या आदल्या रात्री प्रेसनोट तयार झाली, तीत "उपस्थितांनी टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत केले" असे वाक्य होते. दुसऱ्या दिवशी ४० पत्रकार येणार म्हणून खुर्च्या मांडल्या, आले ११. त्याच सकाळी मंत्रालयात काहीतरी मोठी घडामोड झाली आणि सगळ्या कॅमेऱ्यांच्या गाड्या तिकडे वळल्या. ज्या कंपनीचा कार्यक्रम होता तिचे साहेब विचारत होते, "चॅनलवाले कुठे आहेत?" आणि वरच्या सर्वांनी बोट दाखवले ते फोन करणाऱ्या इंटर्नकडे. त्या दिवशी तिने शिकलेली गोष्ट अशी: पत्रकार "येतो" म्हणाला म्हणजे तो येणार असे नाही, "बघतो" म्हणाला म्हणजे येणार नाही, आणि सकाळी साडेआठला पुन्हा फोन केल्याशिवाय यादीवर खूण करायची नाही.

आता रात्रीची गोष्ट. ताईला खरी काळजी याचीच होती.

हॉटेलांचे हॉल दिवसा रिकामे नसतात. संध्याकाळचे लग्न किंवा पार्टी उठते अकरा-साडेअकराला. मग तोच हॉल सकाळी दहाच्या कार्यक्रमासाठी सजवायचा. म्हणून स्टेज ठोकणे, मागचा मोठा फलक लावणे, वायरी ओढणे, ध्वनी तपासणे हे सगळे काम रात्रीचे. भाची पहिल्यांदा रात्री थांबली तेव्हा पहाटे सव्वातीनला सुटली. स्टेशनवर बसून पहिली लोकल धरली. ताई रात्रभर जागी. सकाळी मला फोन, "मी रातपाळी करते तेव्हा माझ्या हजेरीवर सही असते. हिची हजेरी कुठे आहे?"

मी कार्यालयात विचारपूस केली, कायदा काढून वाचला. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे स्त्री कामगाराला सकाळी ७ ते रात्री साडेनऊ या वेळेबाहेर काम द्यायचे तर तिची संमती लागते, आणि मालकाने तिच्या संरक्षणाची आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था करायची असते. मूळ २०१७ च्या कायद्यात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना हे लागू होते. भाचीने हे कंपनीत नम्रपणे सांगितले. उत्तर मिळाले, "तू कामगार नाहीस, तू इंटर्न आहेस." कायद्यातला कामगार म्हणजे मोबदल्यावर काम करणारा. हिला मोबदलाच नाही, मग ही कामगार कशी? युक्तिवाद बिनतोड आहे, आणि तेवढाच लाजिरवाणा. पण तिच्याबरोबर काम करणाऱ्या पगारी मुलींनी तो कागद मोबाईलवर मागून घेतला. पुढच्या खेपेला चौघींत मिळून एक गाडी आली. गाडीत बसताना इंटर्न कोण आणि कामगार कोण, हे कोणी विचारले नाही.

परवानग्यांचे प्रकरण मला स्वतःला फार रोचक वाटले, कारण तो माझ्या जातकुळीचा विषय, कागद. मोकळ्या जागेत कार्यक्रम करायचा तर जागेच्या मालकाचे पत्र, पोलीस ठाण्याची परवानगी, स्थानिक संस्थेचे पत्र, मांडवासाठी अग्निशमन दलाचा दाखला, जनरेटर आणि विजेची व्यवस्था. लाऊडस्पीकरसाठी वेगळी लेखी परवानगी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ तो वाजवता येत नाही, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते. रेकॉर्डवरचे गाणे लावायचे तर हक्क असणाऱ्या संस्थेचा परवाना घ्यावा लागतो. लग्नाच्या वरातीला कायद्यात सूट आहे, कंपनीच्या कार्यक्रमाला नाही. हे सर्व कागद एका फाईलमध्ये लावून ती फाईल कार्यक्रमाच्या जागी हातात ठेवायची. भाचीने फाईलला अनुक्रमणिका केली, प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढल्या. तिच्या साहेबांनी विचारले, हे कुठे शिकलीस? "घरी," म्हणाली.

मार्च महिन्यात ज्या कार्यक्रमासाठी हा लेख लिहावासा वाटला तो कार्यक्रम आला. एका मोठ्या कंपनीला ठाणे जिल्ह्यातील ३०० शाळकरी मुलांना दप्तरे वाटायची होती. शाळा सुरू होतात जूनमध्ये, दप्तरे मार्चमध्ये का? कारण हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. मोठमोठ्या कंपन्यांनाही मार्चमध्ये आपल्यासारखीच घाई होते, हे पाहून थोडे बरे वाटले.

भाचीने मला दोन आकडे दाखवले. दप्तरांची किंमत १ लाख ३५ हजार. स्टेज, पडदा, ध्वनी, निवेदिका, पाहुण्यांची वातानुकूलित गाडी, फोटो, व्हिडिओ यांचा खर्च ४ लाखांच्या वर. समारंभाचा खर्च सामाजिक कामात धरत नाहीत, तो जाहिरातीच्या खात्यात जातो. एकदाच होणारे समारंभ, जाहिरात, प्रायोजकत्व यांना या २ टक्क्यांत धरू नये असे केंद्र सरकारने २०१४ मध्येच परिपत्रक काढून सांगितले आहे. म्हणजे गैर काही नव्हते. पण एक दप्तर देण्यासाठी तीन दप्तरांचे पैसे स्टेजवर जातात, हे त्या मुलीने स्वतःच्या हाताने टाईप केले.

कार्यक्रमाआधी जागा पाहायला जातात, त्याला या लोकांत 'रेकी' म्हणतात. शाळेचे उघडे मैदान. नकाशात स्टेजवर छत होते, पाहुण्यांच्या पहिल्या दोन रांगांवर छत होते, मुलांवर नव्हते. भाचीने विचारले, "सर, मुलांवर मांडव?" उत्तर आले, तासाभराचा तर कार्यक्रम आहे. तेव्हा तिने खारघरचे नाव घेतले. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. मंचावर छत होते, लाखो माणसे मात्र उन्हात बसली होती. उष्माघाताने १४ माणसे गेली. तेही काही तासांचेच होते. साहेब गप्प झाले. साहेब वाईट माणूस नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी त्याच जागेवरून मंडपवाल्याला फोन लावून मुलांवर कापडी मांडव घालायला सांगितला. पुढचा प्रश्न तिने विचारला तो खाण्याचा. मुले साडेआठला बसने येणार, कार्यक्रम दहाला. खाणार काय? "नंतर फूड पॅकेट आहे ना."

हे प्रश्न तिला सुचले, मोठ्या कॉलेजातून आलेल्या तिच्या सोबत्यांना सुचले नाहीत. त्यांची बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. ही मुलगी लहानपणापासून ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आमच्या वस्तीच्या पाणीवाटपाच्या टेबलामागे उभी राहिलेली. लांबून आलेले माणूस रांगेत किती वेळ उभे राहते, त्याला आधी पाणी लागते की आधी पुस्तक, बाईला शौचालय कुठे आहे हे विचारायला किती संकोच वाटतो, हे तिला पाठ आहे.

कार्यक्रमाचा एक तक्ता असतो, त्याला सगळे 'मिनिट टू मिनिट' म्हणतात. १०.०० पाहुण्यांचे आगमन, १०.०५ दीपप्रज्वलन, १०.१० स्वागतगीत, असे. प्रत्यक्षात मुले ८.२५ ला आली आणि पाहुणे १२.२० ला. तक्त्यात पावणेदहाच्या आधी काहीच लिहिलेले नव्हते. अकराच्या सुमारास दुसरीतली एक मुलगी रांगेतच वाकून बसली. सकाळी सहाला घर सोडले होते, पोटात काही नव्हते. फूड पॅकेटचा टेम्पो एक वाजता यायचा होता. साहेब पाहुण्यांच्या गाडीशी फोनवर बोलत होते, दुसऱ्या कोणाच्या हातात रोख पैसे नव्हते.

भाचीच्या खात्यात ताईने भिशीचा हप्ता भरायला दिलेले ३,००० रुपये होते, आणि तिचे स्वतःचे ५००. तिने शाळेच्या शिपायाला बरोबर घेतले, रिक्षाने बाजार गाठला. २५ डझन केळी १,२५० रुपये, बिस्किटांचे ३०० छोटे पुडे १,५०० रुपये, पाण्याचे १२ जार ४८० रुपये, रिक्षा जाऊन येऊन २४०. एकूण ३,४७०. सव्वाअकरा वाजता मुले केळी खात होती. कंपनीच्या फोटोवाल्याला काही काम नव्हते, त्याने तेही फोटो काढले.

संध्याकाळी ताईला समजले तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "भिशी तीन दिवसांवर आहे."

पुढच्या सोमवारी भाचीने कंपनीच्या हिशेब विभागात खर्च मागितला. उत्तर: पूर्वमंजुरी नाही, जीएसटीचे पक्के बिल नाही, मिळणार नाही. त्या रविवारी ती माझ्याकडे आली. गेली २२ वर्षे मी व्हाउचर तपासत आलो आहे, हे काम मला देवाणघेवाणीच्या सगळ्या कामांत आवडते. मी तिला सांगितले, ताज्या केळ्यावर जीएसटीच नाही, मग बिल कुठून येणार? हातगाडीवाल्याला नोंदणीची सक्ती नाही. छोटा खर्च रोख व्हाउचरवर चालतो. तारीख, रक्कम अंकी आणि अक्षरी, कशासाठी, घेणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याची सही, मंजूर करणाऱ्याची सही. ५,००० रुपयांच्या वरची पावती असती तर एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लागले असते, इथे तेही नको. मोबाईलवरून पैसे दिले असतील तर त्याचा छापील पुरावा जोडायचा. चार व्हाउचर आम्ही जेवणाच्या पाटावर बसून लिहिली. ती बुधवारी पुन्हा त्या बाजारात गेली. केळीवाल्या मावशींनी अंगठा दिला, जारवाल्याने सही केली. रिक्षावाला सापडला नाही.

मग मी तिला विचारले, कार्यक्रमाची प्रेसनोट दाखव. तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते, "विद्यार्थ्यांसाठी पौष्टिक अल्पोपाहाराची व्यवस्था करण्यात आली होती." आणि एका दैनिकाच्या ठाणे पुरवणीत जो फोटो छापून आला तो पाहुण्यांचा नव्हता, केळी खाणाऱ्या मुलांचा होता. म्हटले, हे कात्रण आणि ही प्रेसनोट व्हाउचरला जोड. खर्च झालाच नाही असे म्हणायचे असेल तर त्यांना आधी स्वतःची प्रेसनोट खोटी म्हणावी लागेल.

हिशेब विभागाने दोन दिवस कागद ठेवून घेतला. साहेबांनी सही केली. १९ व्या दिवशी ३,२३० रुपये तिच्या खात्यात जमा झाले. रिक्षाचे २४० नामंजूर. भिशीच्या बाईंनी चार दिवस थांबून घेतले होते, ताईने शेजारणीकडून उसने आणून भरले होते, ते फेडले.

मांडवाचे काय झाले, हे राहिले. मुलांवरचा तो कापडी मांडव ऐनवेळी फोनवर सांगितलेला, मूळ कोटेशनमध्ये नसलेला. त्याचे १८ हजार मंडपवाल्याला मिळालेले नाहीत. त्याच्याकडे काम करणारी सहा मुले रोजावर आहेत, त्यांची मजुरी त्याने कार्यक्रमाच्या रात्रीच खिशातून चुकवली. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या अशा छोट्या व्यावसायिकाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. भाचीने त्याला 'उद्यम' नोंदणी आहे का विचारले. आहे म्हणाला, बँकेच्या कर्जासाठी केली होती. आम्ही त्याच्यासाठी एक पत्र तयार करून दिले. ऑर्डर फोनवर दिली होती, म्हणून भाचीने आपल्या वहीतल्या त्या दिवसाच्या पानाची नक्कल त्याला जोडली. ती इंटर्न असताना तिने हे करावे का, यावर माझे आणि तिचे अर्धा तास बोलणे झाले. तिने केले.

तीन महिने संपले. प्रमाणपत्र मिळाले. कंपनीने तिला महिना १८ हजारांवर राहा म्हणून सांगितले आहे. ती म्हणाली, राहीन, पण नेमणूकपत्रात दोन ओळी लिहून द्या: रात्री साडेनऊनंतर काम असेल तर घरापर्यंत गाडी, आणि मोकळ्या जागेतल्या कार्यक्रमासाठी ५,००० रुपये रोख अग्रिम. पत्र अजून आलेले नाही. मंडपवाल्याचा फोन मात्र परवा रात्रीही आला होता. ताई जेवण वाढत होती. भाचीने ताट बाजूला सारून वही उघडली आणि तारीख लिहिली.